साकवाचा नारळ

पावसाळ्यात तुम्ही धबधबा पाहायला जाता, तेव्हा पलीकडच्या काठावर झाडीतून धूर येणारी जी चार घरं दिसतात, त्यांतली माणसं अलीकडे कशी येतात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

बहुतेक जण विचारत नाहीत. पाणी पाहतात, भिजतात, डबा खातात आणि शेवटच्या एस.टी.साठी धावतात. घरी गेल्यावर म्हणतात, काय सुंदर जागा! मला त्या सुंदर जागेबद्दलच लिहायचं आहे.

मी मालवणचा. वडील शिंपी. आमच्या घरात कापडाच्या चिंध्यांपेक्षा पत्रकं जास्त. कुळकायद्याची, दारूबंदीची, गोव्याच्या मुक्तीची, संयुक्त महाराष्ट्राची. सभा झाली की उरलेला गठ्ठा वडील शिलाईच्या यंत्राखाली ठेवायचे आणि मी त्याच्यावर बसून वाचायचो. मोठा झालो तेव्हा पत्रकं वाचणारा मुलगा पत्रकं जुळवायला लागला. कुडाळात एका लहानशा छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षीच्या पावसात ही गोष्ट सुरू झाली.

छापखान्याच्या मागे दोन खोल्या आहेत. एकीत मी राहतो, दुसरीत एक ड्रॉइंग मास्तर आणि त्यांची आई. मास्तर माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. त्यांना पाण्याचं वेड होतं. समुद्राचं नव्हे, पडणाऱ्या पाण्याचं. "समुद्र कोणीही काढील," ते म्हणायचे, "आडवी रेघ ओढली की झालं. पडतं पाणी काढून दाखव." पाऊस स्थिर झाला की प्रत्येक रविवारी ते फळी मेणकापडात गुंडाळून निघायचे, आणि त्यांच्या मागून मी. माझ्याकडे काढायला काही नव्हतं. मला चालायला आवडायचं, आणि सहा दिवस उलटी अक्षरं पाहून थकलेले डोळे हिरव्यावर ठेवायला आवडायचे.

सह्याद्रीच्या पायथ्याचे किती ओढे-व्हाळ, किती कोंडी आम्ही असे पायाखाली घातले! पहिली एस.टी. जिथे चिखलापुढे हात टेकायची तिथे उतरायचं आणि शेतांच्या मेरांवरून चालत सुटायचं. दोन्ही बाजूंना लावणी चाललेली. पानांची इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या बायका दुरून कासवांसारख्या दिसायच्या. आम्हांला पाहून एखादी कंबर ताठ करून ओरडायची, "खंय चललात ओ?"

"पाणी बघूक!"

"पाणी? मालवणचो समुद्र आटलो काय?"

आणि सगळं शेत हसायचं. मास्तरही हसायचे. त्यांचं म्हणणं, त्या बायांचं बरोबर आहे. सबंध दिवस गुडघाभर पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला पाणी बघायला निघालेला माणूस वेडाच दिसणार.

त्या भटकंतीत आम्हांला हा धबधबा सापडला. त्याचं नाव मी देत नाही. गावाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

डोंगरावरून पाणी दोन टप्प्यांत उतरतं. पहिली उडी उंच आणि बारीक. मग सपाट कातळावरून व्हाळ थोडा वेळ गुमान चालतो, आणि नंतर दुसरी उडी खालच्या कोंडीच्या डोहात. कोंड काळी आणि खोल. या दोन उड्यांच्या मधल्या सपाटीवर गाव व्हाळ ओलांडतं. उन्हाळ्यात तिथे घोटा बुडत नाही. पसरट उतार आहे, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा; गुरंसुद्धा चालत जातात. पण पावसाळ्यात त्या उतारावर पाय ठेवायचा म्हणजे दुसऱ्या उडीच्या तोंडाशी पाय ठेवायचा. म्हणून उताराच्या जरा खाली, जिथे दोन कातळ जवळ येतात, तिथे साकव घालतात. माडाचे दोन सोट शेजारी शेजारी, काथ्यानं आवळलेले, आणि धरायला एक बांबू. दिवाळी झाली की सोट उचलून अलीकडच्या काठावर आडवे ठेवायचे, पुढच्या मृगाच्या आधी पुन्हा घालायचे. गाव अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. देऊळ, वाट, बाजार, एस.टी. अलीकडे. पलीकडे चार घरं, पाठीला उभा डोंगर.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा साकव घातलेला होता. मास्तरांना पलीकडून चित्र काढायचं होतं म्हणून आम्ही बांबू धरून पलीकडे गेलो, आणि पहिल्याच घराच्या पडवीत एक माणूस नाचणीच्या रोपांच्या मुठी बांधत बसला होता. उघडाबंब, कानात कुड्याचं फूल. मास्तरांनी फळी उघडली तसा तो उठून मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "पाणी बरा काढलात. पण तेचो आवाज खंय आसा?"

मास्तर म्हणाले, "आवाज काढूक माका येना नाय. तुमी काढा."

"मी काढतंय की! वर्साक एकदा!" आणि तो एवढ्या मोठ्यानं हसला की घरातून त्याची मुलगी बाहेर आली.

तो आवाज म्हणजे गाऱ्हाणं. हे त्यानं आम्हांला पेज वाढता वाढता सांगितलं. साकव घालण्याआधी व्हाळाच्या काठावरच्या जागेवाल्याला, त्या जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवावा लागतो. नारळ ठेवणारा पुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, की बा जागेवाल्या, पोरा-टोरा, गुरा-ढोरा हयसून येतली-जातली, तेंका सांभाळ; आणि मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग नारळवाला पहिल्या सोटाला हात लावतो. त्याचा हात लागला की बाकीच्यांनी उचलायचं. त्याच्या आधी कोणी नाही.

गावात दोन घराणी. थोरलं घर अलीकडे, धाकटं पलीकडे. कूळ एकच. नारळाचा मान पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या घराचा. पण थोरल्या घरचा म्हातारा वारला तेव्हा त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. साकव तर घालायला हवा. म्हणून त्या वर्षी धाकट्या घरातल्या या माणसानं नारळ ठेवला, आणि पुढे तोच ठेवत राहिला. त्याचा बाप, आजा, सगळे आयुष्यभर मागच्या रांगेत उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आलेले. याला पुढे उभं राहायला मिळालं. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा गमतीचं वाटलं. आज वाटत नाही.

त्याची मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. अलीकडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, आणि पुढचं घरी वाचून, बाहेरून परीक्षा देऊन सातवीची फायनल पास झालेली. पडवीत संध्याकाळी पलीकडच्या चार घरांतली पोरं जमवून ती शिकवायची. पाटी नव्हती. भिंतीचा एक भाग कोळशानं काळा करून त्याच्यावर शेडीच्या पांढऱ्या खड्यानं लिहायची. मी छापखान्यातले बिघडलेले, एका बाजूनं कोरे असलेले कागद तिच्यासाठी नेऊ लागलो. ती कोरी बाजू मुलांना द्यायची आणि छापील बाजू आधी स्वतः वाचून काढायची. लग्नपत्रिका, जत्रेची जाहिरात, निवडणुकीचं पत्रक, काहीही. एकदा एक पत्रक माझ्यासमोर धरून म्हणाली, "ह्यात लिवलासा, स्त्रियांनी पुढे यावे. खंयसर येवचा ता लिवूक नाय."

ते पत्रक मी जुळवलेलं होतं. मी म्हणालो, लिहिणाऱ्याला विचारतो.

"नको. तो म्हणात, सभेक ये."

तिला कुठे यायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. प्राथमिक शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी निवड व्हायची. दोन वर्षं शिक्षण, मग नोकरी, आणि गावाला पलीकडच्या काठावर एक शाळा. पावसाचे चार महिने पलीकडची पोरं शाळेत जात नाहीत, कारण साकवावरून लहान पोराला एकटं सोडायला आई धजत नाही. आणि चार महिने शाळा बुडालेलं पोर पुढे शाळेत बसत नाही. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची शाळा पाण्याच्या पलीकडच्या बाजूला असणार होती. बाप येईल-जाईल त्याला सांगायचा, "माजा चेडू मास्तरीण होतला. मगे माका सई शिकयतला. अंगठो धुवन धुवन कातडा गेला."

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी थोरल्या घरचा मुलगा मुंबईची गिरणी सोडून कायमचा गावी आला. पन्नाशीचा, शांत, टोपी घालणारा माणूस. त्यानं म्हटलं, नारळ माझा. बापाची जागा आहे. धाकट्या घरचा म्हणाला, तुझ्या बापाची होती. तू मुंबईत असताना पावसात उभा मी राहिलो. भांडण झालं असं कोणी म्हणणार नाही. आवाजसुद्धा चढला नाही. देवळात देवाच्या अंगाला कळ्या लावून कौल घेतला, तर कळी उजवीकडची पडली. धाकटं घर म्हणालं, प्रश्न आम्ही विचारला, उजवा कौल आमचा. थोरलं म्हणालं, उजव्या अंगाला आम्ही उभे होतो, कौल आमचा. दोन्ही घरांनी देवाला नमस्कार केला आणि आपापल्या काठावर गेले. मृग आला. सोट होते तिथेच पडून राहिले.

मी हे ऐकलं तेव्हा माझं डोकं तापलं. मी तिच्या बापाला म्हणालो, एका नारळासाठी तुम्ही आपल्याच मुलांची वाट बंद केलीत?

तो हसला नाही. म्हणाला, "नारळ नाय रे तो. तू छापखान्यातलो माणूस. तुजा नाव पत्रकाच्या खाली छापतत काय?"

"नाही."

"मगे तुका नाय कळूचा."

मृग कोरडा गेला होता म्हणून तेव्हा उतारावरून जाता येत होतं. पाणी वाढलं की दोघेही नमतील असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटलं. पण पाणी वाढलं तसे दोघे आणखी ताठ झाले.

आर्द्रात मुलीला ट्रेनिंगच्या निवडीचं बोलावणं आलं. निवड कुडाळला होती, सोमवारी सकाळी. ठरलं असं की रविवारी आम्ही नेहमीसारखे जायचं, परतताना तिला बरोबर आणायचं, रात्री ती मास्तरांच्या आईजवळ झोपेल, सकाळी मास्तर तिला निवडीच्या जागी पोचवतील. मास्तरांच्या आईनं तिच्यासाठी आपलं एक इस्त्रीचं पातळ काढून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात पुनर्वसूचा तरणा पाऊस सुरू झाला. शनिवारपासून थांबला नाही. रविवारी आम्ही एस.टी.तून उतरलो तेव्हा मेरा दिसत नव्हत्या. शेतात कोणी नव्हतं. कोणी विचारलं नाही, खंय चललात. मास्तरांनी सवयीनं फळी आणली होती. धबधब्याचा आवाज आम्हांला नेहमीपेक्षा फार आधी ऐकू आला, आणि मास्तर म्हणाले, "हा पाण्याचा नाही वाटत."

आम्ही व्हाळावर पोचलो तेव्हा उतार नावाची जागाच उरली नव्हती. लाल पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं, त्यातून फांद्या जात होत्या. पलीकडे ती उभी होती, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात गाठोडं. शेजारी बाप. मागे आई, पोरं, इतर घरांतली माणसं. अलीकडे माडाचे दोन सोट, भिजून काळे झालेले. एका सोटावर थोरल्या घरचा छत्री धरून बसला होता. त्याच्या आजूबाजूला त्याच्या घरातले चार तरणे पोरगे, हात पाठीमागे बांधून.

मी सरळ त्याच्यापुढे गेलो. "उठा. सोट टाकूया. तिला न्यायचं आहे."

"टाकूक कोण नको म्हणता?" तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "नारळ मी आणलासा. हो बघा." त्याच्या मांडीवर पंच्यात खरंच नारळ होता. "तेका सांगा, व्हय म्हण. मी ठेवतंय आणि सोट उचलतंव. घटकेचा काम."

"ती तुमचीसुद्धा लेक आहे की नाही?"

"आसा ना! म्हणान तर पावसात बसलंय."

मास्तर पाण्याच्या कडेला जाऊन हाताची ओंजळ करून ओरडले, आजच्या दिवसापुरतं नारळ त्याला ठेवू द्या, पुढचं पुढे बघू. अर्धं पलीकडे गेलं असेल-नसेल. बापानं नुसता हात हलवला. नाही. मग स्वतः ओरडला, आणि त्याचा तो गाऱ्हाण्याचा आवाज पाण्यावरून नीट आला: "आज ठेयलो तर कायमचो ठेयलो!"

थोरल्या घरचा मान हलवून म्हणाला, "ता तेचा बरोबर आसा."

त्या दोघांचं एकमेकांशी किती पटत होतं! सगळ्या गावात, सगळ्या पावसात, एकमेकांचं म्हणणं नीट समजणारी तीच दोन माणसं होती.

मी सोटाला हात घातला. मास्तर दुसऱ्या टोकाला गेले. ओला माडाचा सोट दोन माणसांना हलत नाही. तो जमिनीला चिकटलेला होता. मी त्या पोरग्यांकडे बघितलं. मी त्यांना काय काय म्हणालो ते लिहीत नाही. एकानं हात पाठीमागून पुढे आणले, सोटावर बसलेल्याकडे पाहिलं, आणि परत मागे नेले. सोट उचलायला सहा माणसं लागतात. आम्ही सहा जण तिथे होतो, छत्रीवाला सोडून.

पलीकडे काहीतरी बोलणं चाललेलं दिसलं. ती बापाला काही सांगत होती, तो ऐकत नव्हता की ऐकत होता, कळेना. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, खोळेवरून. गोठ्यातून दावणीचे दोर आणून एकाला एक बांधले. एक टोक किनळाच्या झाडाला आवळलं, मधला दोर मुलीच्या हातात दिला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं, आणि आमच्याकडे तोंड करून ओरडला, "मास्तर! दोरी घेवन येतंय! धरा!"

आम्हांला कळलं. तो दोर अलीकडे बांधणार होता, आणि त्याला धरून मुलीला स्वतः आणणार होता. साकवाला हात लावायचा नव्हता, आणि मुलीची निवडही चुकवायची नव्हती. दोन्ही सांभाळायची ही एकच वाट त्याला दिसली, आणि ती पाण्यातून होती.

आम्ही दोघे नको, नको म्हणून ओरडलो. तो उतारात शिरला. रोजची वाट होती त्याची. कातळ पायाला ठाऊक होते. अर्ध्यापर्यंत तो छातीभर पाण्यात तिरका होऊन आला. दोर ती हळूहळू सोडत होती. आणखी पुढे आला. त्याचे दात दिसत होते, इतका जवळ. मास्तर पोटावर पालथे झाले होते. तेव्हा थोरल्या घरचा सोटावरून उठला. नारळ मांडीवरून घरंगळला. तो माझ्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं छत्री मिटून तिचा दांडा पुढे केला.

मला पुढे खूप जणांनी विचारलं. मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगतो. छत्री पुढे होती, पाण्यातून बापाचा हात वर होता. त्यानं घेतली नाही की त्याच्यापर्यंत पोचली नाही, ते पाण्यानं मला पाहू दिलं नाही. एक फांदी आली. तो बाजूला झाला, आणि मग तिथे पाणी होतं.

दुसऱ्या उडीचा आवाज बदललासुद्धा नाही. पलीकडे मुलगी दोर ओढत होती. भराभर ओढत होती, कारण दोर हलका येत होता.

दुपार टळल्यावर कोंडीच्या तोंडाशी, अलीकडच्या अंगाला, तो मिळाला. त्याच चार पोरग्यांनी काढला. त्यांतला एक रडत होता. मास्तरांनी फळीचं मेणकापड सोडून त्याच्यावर घातलं. त्यांचे कागद तिथेच भिजून लगदा झाले.

आता त्याला घरी न्यायचं होतं. घर पलीकडे. सगळे उभे राहिले, आणि सगळ्यांनी थोरल्या घरच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सोट उचला."

कोणीतरी दबकत विचारलं, "नारळ?"

"सुतकात कसलो नारळ?"

एकच कूळ. सुतक दोन्ही घरांना. सुतकात देवाचं काही करायचं नाही. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, मान नाही. म्हणून कोणाचाही हात आधी लागला तरी चालणार होतं. सहा जणांनी सोट उचलला. मी त्यांतला एक होतो. एवढा वेळ ज्याला जमीन सोडत नव्हती तो सोट अलगद वर आला. पलीकडच्यांनी दोर टाकले, आम्ही पुढे ढकललं, दुसरा सोट टाकला, काथ्या आवळला. उजेड होता तोवर साकव पुरा झाला. त्या वर्षी त्याच्यावरून पहिला तोच गेला.

आम्ही मागून गेलो. मुलीच्या तळव्यांची सालं दोरानं निघाली होती. गाठोडं अजून झाडाखाली होतं, कोणी उचललं नव्हतं. मास्तर तिच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "मी उद्या जाऊन तिथे सांगतो. पुन्हा बोलावतील."

ती साकवाकडे पाहत होती. म्हणाली, "आता जावक वाट झाली."

मी माझ्या पिढीचा आहे. मला वाटायचं, जुलूम करणारा वेगळा दिसतो. जमीनदार, सावकार, दारूचा ठेकेदार. आमची सगळी पत्रकं अशाच माणसाकडे बोट दाखवायची. या व्हाळावर मला बोट दाखवायला जागा सापडत नाही. थोरल्या घरचा तेरा दिवस रोज पलीकडे जाऊन त्या घरचं पाणी भरत होता. चार पोरगे चांगले पोरगे आहेत. मेलेला माणूस तर मला आवडायचा. आजही त्याचं हसणं कानात आहे. पण म्हणून मी गप्प बसणार नाही. ज्या मानाला सुतक लागताच रजा देता येते, त्याला एका मुलीच्या परीक्षेसाठी रजा देता येत नव्हती का? माणूस मेला तर साकव घटकेत होतो. माणसं जिवंत असली की होत नाही. हा हिशेब ज्याला पटतो त्यानं मला पत्ता शोधून येऊन समजावावं. मी दार उघडं ठेवतो.

मास्तरांनी सोमवारी जाऊन सांगितलं. तिथल्या माणसांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

दिवाळीनंतर सोट उचलून अलीकडे ठेवले. होते तिथेच. आता वैशाख संपत आला आहे. मागच्या रविवारी आम्ही गेलो होतो. उतारावर घोटाभर पाणी, पोरं खेळत होती. पडवीतल्या काळ्या भिंतीवर बाराखडी होती. नारळाचं काय, असं विचारलं. धाकट्या घरात आता तिचा चुलता कर्ता आहे. तो म्हणाला, "आता कसो सोडतलंव? भावान जीव दिलो तेच्यासाठी." थोरल्या घरचा म्हणाला, "मी सोडलंय असतंय. पण आता सोडलंय तर लोक म्हणतले, पाप होता म्हणान सोडल्यान." बापाच्या मरणानं वाद मिटला नाही. त्यानं दोन्ही बाजूंना आणखी एक कारण दिलं.

तिनं पुन्हा अर्ज केला आहे. बोलावणं पुन्हा पावसातच येणार. निघताना ती आमच्याबरोबर व्हाळ ओलांडून अलीकडे आली, सोटाशी थांबली, आणि वाकून एका टोकाला हात घातला. सगळ्यांच्या देखत. चुलता पलीकडून पाहत होता, छत्रीवाला अलीकडून. सोट हलला नाही. ती सरळ झाली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "माणसा व्हयी."

म्हणून हे लिहिलं. धबधबा पाहायला श्रावणात जाऊ नका. मृगाच्या आधीच्या रविवारी या. कुडाळच्या एस.टी. स्टँडवर पहिल्या गाडीला मास्तर आणि मी उभे असू. मास्तरांच्या हातात गुंडाळलेली फळी असेल, त्यावरून ओळखा. कोयता असेल तर आणा, काथ्याचा दोर आणा, दुपारची भाकरी आणा. नारळ आणू नका. आम्ही भांडायला जात नाही, कोणाला देव नाही म्हणून सांगायलाही जात नाही. सोट उचलायचा, व्हाळावर टाकायचा, आवळायचा आणि परत यायचं. कोणी अडवायला सोटावर बसलं तर त्याच्या शेजारी बसू, आणि तो उठेपर्यंत बसून राहू.

सोटाला सहा माणसं लागतात. तिला धरून आम्ही तीन आहोत. या.